थॅकरेची चित्रं

(यंग स्ट्रीट, केन्सिंग्टन. फुगीर खिडक्यांचं घर.)

लंडनचं हे घर इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरेनं १८४६ मध्ये घेतलं. या गोल खिडक्यांमुळे घराला किल्ल्याचा तोरा आलाय, आपण घरी असलो की वर निशाण लावू, असं तो गमतीनं म्हणायचा. जन्म कोलकात्याचा, १८११ चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीत. ते वारले आणि पाच वर्षांच्या पोराला बोटीनं इंग्लंडला धाडलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग याच्यावरून घेतलं, असं सांगतात.

(पिवळं मुखपृष्ठ, जवळून.)

हे 'व्हॅनिटी फेअर', थॅकरेची कादंबरी. ती अंकाअंकानं निघाली: जानेवारी १८४७ ते जुलै १८४८, दरमहा एक अंक, किंमत एक शिलिंग. पिंपावर उभा राहून विदूषक प्रवचन देतोय. त्याच्या टोपीला गाढवाचे कान आहेत. आता खालची गर्दी बघा. त्यांनाही तेच कान!

हे चित्र थॅकरेचंच. त्याला व्हायचं होतं चित्रकार. पॅरिसला जाऊन शिकला. १८३६ मध्ये 'पिकविक' या कादंबरीसाठी चित्रं घेऊन तिचा लेखक डिकन्सकडे गेला, डिकन्सनं नाही म्हटलं. मग स्वतःच्याच कादंबरीला चित्रं काढली.

(पोलादी पत्रा. सुई.)

पत्र्यावर मेणाचा पातळ थर. त्यावर सुईनं रेघा ओढायच्या. वरून आम्ल. मेण निघालंय तेवढंच आम्ल खातं, त्या खाचांत शाई बसते. छापताना डावं-उजवं उलटतं, म्हणून चित्रही उलटं काढायचं. प्रकरणाच्या पहिल्या अक्षरात दडलेली छोटी चित्रं मात्र लाकडी ठोकळ्यावरची; ती कारागीर कोरायचे. आणि हे सगळं मजकुराच्या जोडीनं, महिन्याच्या मुदतीत.

(दोन मुलींचं रेखाचित्र.)

१८४० मध्ये पत्नी इझाबेलाचं मन बिघडलं, ते पुन्हा सावरलं नाही. मुली या घरात वाढल्या. १८६३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी थॅकरे गेला, ५२ व्या वर्षी.

(शेवटच्या अंकातलं चित्र. कॅमेरा सावकाश उजळ भागाकडून पडद्याकडे.)

अनेक स्वस्त आवृत्त्यांतून ही चित्रं गाळलेली असतात. म्हणजे अर्धी कादंबरीच गाळली, असं आमचं स्पष्ट मत. हा जॉस सेडली, कंपनी सरकारचा निवृत्त कलेक्टर. त्यानं विमा उतरवलाय, आणि कादंबरीची नायिका बेकी, तिच्या धाकानं तो मित्रापुढे गयावया करतोय. पुढे तीन महिन्यांत तो मरतो. बेकीनं मारलं का? मजकूर कबूल करत नाही.

चित्राखालची ओळ म्हणते: क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेत बेकी, दुसऱ्यांदा. क्लायटेम्नेस्ट्रा म्हणजे नवऱ्याचा जीव घेणारी ग्रीक राणी. आधी एका मेजवानीतल्या खेळात बेकीनं तीच केली होती.

इथे, पडद्याआड, ती उभी आहे. तिचा हात बघा.