बंद नाकाने जपान

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'जपानी जेवणाची चव: नाकाची की जिभेची?' त्याकडे मी येणारच आहे. पण मनात एक गोष्ट बरेच दिवस साचली आहे, ती आधी बोलून घेतो.

आपल्याकडची माणसं जपानला जातात ती बहुतेक चेरीच्या बहरासाठी, नाहीतर नोव्हेंबरात लाल झालेल्या मेपलसाठी. दोन्ही ऋतूंत सकाळ-संध्याकाळ गारठा असतो. ग्रुपमधल्या दोघा-चौघांना सर्दी होतेच. मग सहल नेणारा म्हणतो, "काका, तुम्ही आज हॉटेलवरच पडा. रात्री आपला गरम वरण-भात आहे." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं. त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण आयुष्यभर पैसे साठवून क्योटोला पोचलेल्या माणसाला तुम्ही भिंतीकडे बघत पडायला सांगता! ताप असेल, धाप लागत असेल, तर जरूर पडा आणि डॉक्टर गाठा. नुसतं नाक वाहत असेल, तर कार्यक्रम बदला की. किंकाकुजी, अराशियामाचं बांबूचं बन आणि फुशिमी इनारीची चढण हे सगळं एकाच दिवसात उरकायचं, हा हट्ट तर धडधाकट माणसालाही दमवतो.

आमच्या ताईला क्योटोजवळच्या नारा शहरात अशीच सर्दी झाली. ग्रुप हरणं आणि तोदाइजीचा महाबुद्ध बघायला गेला. मी ताईला घेऊन याकुशिजी या जुन्या बौद्ध देवळात गेलो. निशिनोक्यो स्टेशनात उतरलं की देऊळ जवळच. सम्राट तेन्मूची राणी आजारी पडली, तिला बरं वाटावं म्हणून त्याने ६८० साली या देवळाचा संकल्प सोडला. गंमत अशी की राणी बरी झाली, सम्राट आधी गेला, आणि पुढे तीच सम्राज्ञी जितो म्हणून गादीवर बसली. आतला देव याकुशी, म्हणजे आपला भैषज्यगुरू, वैद्यांचा बुद्ध. शेजारी सूर्यप्रभ आणि चंद्रप्रभ हे त्याचे साथी बोधिसत्त्व उभे. तिन्ही मूर्ती ब्राँझच्या, काळ्याभोर, चकाकणाऱ्या. याकुशीच्या हातात एरवी औषधाची कुपी असते, इथे नाही. बैठकीवर द्राक्षवेलीची नक्षी आहे, चार दिशांचे चिनी रक्षक प्राणी आहेत आणि उकिडवी बसलेली, भारतीय वाटणारी माणसं आहेत. ताई मास्क लावून त्या बैठकीपुढे किती तरी वेळ उभी होती. बाहेर ७३० सालचा पूर्वेचा पॅगोडा: दिसतो सहा मजली, आहे तीन मजली, कारण दर मजल्याला एक जादा छप्पर जोडलेलं आहे. तब्येत बरी असती तर आम्हीही हरणांना बिस्किटं चारून परतलो असतो.

मास्कवरून आठवलं. तिथे सर्दी झालेला माणूस मास्क लावतो तो समोरच्यासाठी. तुम्हीही लावा. आणि जेवणाच्या टेबलावर नाक जोरात शिंकरू नका, उठून स्वच्छतागृहात जा. स्टेशनाबाहेर जाहिरातीचे टिश्यू फुकट वाटतात, ते घेत चला. दुसरं, सर्दीच्या गोळ्या इथून नेताना पाकिटावरची घटकद्रव्यं वाचा. स्यूडोएफेड्रिन या नाक मोकळं करणाऱ्या द्रव्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असेल, तर ते औषध जपानात नेता येत नाही. तिथल्या दुकानात काक्कोन्तो मिळतं, कुडझूचं मूळ, आलं, दालचिनी, ज्येष्ठमध वगैरेंचा जुना काढा, आता पुडीत येणारा. त्यात एफेड्रा वनस्पतीही असते, म्हणून बीपी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मग मूळ विषय झटपट.

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. घास चावताना वास घशामागून नाकात चढतो. नाक चोंदलं की ती वाट बंद. जिभेला उरतं गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी चव, उमामी, म्हणजे रश्श्याला भरीवपणा देणारी. आता विचार करा, आपल्या वरणाचा जीव कशात असतो? हिंग, जिरं, तूप, कढीपत्ता, म्हणजे सगळा वास! सर्दीत फोडणीचं वरण बिचारं मुकं होतं. तिखट तेवढं जाणवतं, कारण ते वेगळ्याच नसांचं काम. म्हणजे आजारी माणसाला हॉटेलवर ठेवून नेमकं तेच जेवण देतात, ज्याची चव त्याला सगळ्यात कमी कळणार!

जपानी रश्श्याचा पाया म्हणजे दाशी. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचे पापुद्रे, यांचं पाणी. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतून ग्लुटामेट हे चवीचं द्रव्य वेगळं केलं आणि उमामी ही स्वतंत्र चव असल्याचं मांडलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट हे तसंच दुसरं द्रव्य दाखवलं. ही दोन्ही एकत्र आली की उमामी कितीतरी पटीने वाढते, आणि ती जिभेवर कळते, नाकाची वाट बघत नाही. धुराचा वास सर्दीत जातो, हे मान्य. पण उदोनचा, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांचा, रश्श्यातला वाडगा तरीही बोलतो. ओकायु, म्हणजे आपली पेजच, वर उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट-खारट फळ. तीही लागते, कारण आंबट आणि खारट जिभेचंच.

शाकाहारी मंडळींनी हात वर केलेत. उदोनच्या रश्श्यात मासा असतो, विचारूनच घ्या. बौद्ध देवळांचं शाकाहारी शोजिन जेवण कोम्बू आणि शिताके मशरूमच्या दाशीवर चालतं. क्योटोत नान्झेनजीच्या आसपास गरम पाण्यातला तोफू, युदोफू मिळतो, पण सोबतच्या सॉसमध्ये मासा नाही ना, ते विचारा.

आणि नोव्हेंबरात ओसाकाला असाल, तर २२-२३ तारखेला दोशोमाची या जुन्या औषधबाजारातलं सुकुनाहिकोना देऊळ गाठा. औषधांच्या देवाचा उत्सव असतो. १८२२ च्या कॉलऱ्यात तिथे वाघाच्या हाडाचं औषध वाटलं होतं, त्याची खूण म्हणून आजही कागदी लगद्याचा छोटा वाघ मिळतो. सर्दी असली तरी जा, मास्क लावून.