जिनिव्हात यूएनचं ऑफिस, पण यूएनमध्ये स्वित्झर्लंड नाही!

राम राम मंडळी! आज मेहरूण तलावाच्या काठावरून थेट जिनिव्हाच्या तळ्यावर जायचंय. उडी मोठी आहे, धरून बसा.

गावात एखादा असा असतोच. पंचाईत बसते त्याच्या ओसरीवर, चहा त्याच्याच घरचा, पण निवाड्यावर सही करायची वेळ आली की म्हणतो, "भो, मला मधात घेऊ नका." स्वित्झर्लंडनं हेच केलं. यूएनच्या आधीची संघटना म्हणजे राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स), तिचं मुख्यालय जिनिव्हात, पुढे संयुक्त राष्ट्रांचं युरोपातलं कार्यालयही तिथंच. आणि हा देश यूएनचा सदस्य झाला कधी? १० सप्टेंबर २००२ ला!

भित्रे होते का? मला नाही वाटत. (नकाशा) हे बघा, फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, चारी बाजूंनी मोठे शेजारी. घरात जर्मन बोलणारेही आणि फ्रेंच बोलणारेही. पहिल्या महायुद्धात एकांचा ओढा जर्मनीकडे, दुसऱ्यांचा फ्रान्सकडे. अशा वेळी एक बाजू घेतली असती तर भांडण सरहद्दीवर नाही, घरातच पेटलं असतं. १८१५ मध्ये युरोपातल्या सत्तांनी त्यांची तटस्थता मान्य केली, हे खरं. पण ती टिकली ती या घरातल्या गरजेमुळे.

तरी १९२० मध्ये ते राष्ट्रसंघात गेले होते. अट घालून गेले: आर्थिक निर्बंध पाळू, फौज पाठवणार नाही. त्यावर सार्वमत झालं. ५६ टक्के लोक हो म्हणाले, पण तिथं निम्म्याहून जास्त कॅंटन, म्हणजे प्रांतही, बाजूनं लागतात. ते जमलं साडेअकरा विरुद्ध साडेदहा! (काही कॅंटनचं मत अर्धंच धरतात.) आणि हे सगळे मतदार पुरुष. बायांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ मध्ये. लोकशाहीचे गोडवे गाताना हे कुणी सांगत नाही.

पुढे इटलीच्या मुसोलिनीनं अबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, गिळला, राष्ट्रसंघ बघत राहिला. १९३८ मध्ये स्विस लोकांनी निर्बंधांच्या बंधनातूनही अंग काढून घेतलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर यूएन आली, हे बाहेरच. पण हातावर हात ठेवून बसले नव्हते हं. १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवायला तटस्थ देशांचा आयोग नेमला. अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, आणि सदस्यांत स्वित्झर्लंड.

१९८६ मध्ये सरकारनं विचारलं, "आता तरी यूएनमध्ये जायचं का?" ७५ टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, नाही. एकही कॅंटन बाजूनं नाही! १९९४ मध्ये शांतिसेनेसाठी स्वतःची निळ्या टोपीची तुकडी उभारायचा प्रस्ताव आला. फक्त ६०० माणसं. तोही ५७ टक्क्यांनी पाडला. सरकार तयार होतं, लोक नव्हते. "आमची पोरं दुसऱ्याच्या भांडणात कशाला?" हा प्रश्न कुठल्याही देशातली आई विचारेल, त्याला नावं ठेवू नका.

माझा आक्षेप वेगळा आहे. १९९० मध्ये यूएननं इराकवर निर्बंध लावले आणि स्वित्झर्लंडनं ते स्वतःहून लागू केले. म्हणजे नियम पाळायचा, पण तो ठरताना मत द्यायचा हक्क नाही! बाहेर राहून स्वातंत्र्य जपलं म्हणायचं आणि इतरांनी लिहिलेला कागद अमलात आणायचा, हा सौदा मला तोट्याचाच दिसतो.

हळूहळू तिथंही तसंच वाटू लागलं. २००१ मध्ये परदेशी मोहिमेवरच्या आपल्या सैनिकांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र द्यायला होकार मिळाला, तोही ५१ टक्क्यांनी, जेमतेम. मार्च २००२ मध्ये यूएनसाठी पुन्हा मतदान झालं: ५४.६ टक्के हो, कॅंटन १२ विरुद्ध ११. एक कॅंटन फिरला असता तर पुन्हा बाहेर! आणि देश केवढा? तेव्हाची लोकसंख्या ७२-७३ लाख. २०११ च्या जनगणनेत आपले जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून ७९ लाख भरतात.

२०२३ आणि २०२४ ही दोन वर्षं तर ते सुरक्षा परिषदेत बसले. पण युक्रेनच्या युद्धात रशियावर निर्बंध लावले तसा घरात पुन्हा वाद पेटला. तटस्थता राज्यघटनेत आणखी कडक शब्दांत लिहा, अशी मागणी करणारा एक लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज २०२४ मध्ये बर्नला सरकारदरबारी दाखल झाला.