भाकरीचा तुकडा

(दृश्य: पहाट. चुलीचा धूर. तव्यावर फुगणारी बाजरीची भाकरी.)

१८७४ सालचा दुष्काळ. दक्षिणेतल्या एका गावात सोळा वर्षांची एक मुलगी शेजारणीच्या दारात उभी आहे. मागायचाय भाकरीचा एक तुकडा, पण शब्द फुटत नाही. नुसतं रडू येतं. आई घरात तापानं फणफणली आहे आणि भाकरी मागते आहे. शेजारीण समजली आणि तिनं तुकडा दिला. मुलगी धावत घरी आली, पण आईच्या अंगात तो चावून खायचंही त्राण उरलं नव्हतं.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. आई, लक्ष्मीबाई डोंगरे. वडील त्याआधीच भुकेनं गेले होते.

आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोघांना दया आली. स्मशान तीन मैलांवर. रमाबाई ठेंगण्या, त्यांचा खांदा इतरांच्या खांद्याला पोचेना, म्हणून आपल्या वाट्याचा भार त्यांनी डोक्यावर घेतला.

या आईनं लेकीला दिलं काय? गंगामूळच्या रानात, नवऱ्याच्या आश्रमात, विद्यार्थी आणि यात्रेकरूंचं करता करता तिचा दिवस सरायचा. उरायची ती पहाट. झोपेनं जड झालेल्या लेकीला ती लाडानं उठवून मांडीवर घ्यायची आणि पाखरं जागी होत असताना श्लोक म्हणून घ्यायची. पोथी नाही, पुस्तक नाही. आई म्हणेल ते मागून म्हणायचं. बाराव्या वर्षी रमाला अठरा हजार श्लोक पाठ होते. मुलीला संस्कृत शिकवणं तेव्हा पाप समजलं जाई. लक्ष्मीबाईंनी ते पाप रोज पहाटे केलं.

पुढं रमाबाईंचं लग्न झालं, लेक मनोरमा झाली आणि ती दहा महिन्यांचीही नव्हती तेव्हा, १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र हिंदू म्हणून जगल्या, हिंदू म्हणूनच गेल्या. पण ‘आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख’ ही आज्ञा आईचा धर्म विचारत नाही. अमेरिकेत १८८७ मध्ये पहिलं इंग्रजी पुस्तक निघालं, ते रमाबाईंनी आईच्याच स्मृतीला अर्पण केलं.

(दृश्य: पुणे–दौंड लोहमार्ग. केडगाव स्टेशन.)

१८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या आल्या. रमाबाईंना आपलं घर आठवलं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. वधस्तंभावरून प्रभूनं शिष्याला म्हटलं, ‘पाहा, ही तुझी आई!’ आणि शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. आपण उत्तम शुक्रवारी हे वचन वाचतो, डोळे पुसतो, घरी येतो. रमाबाईंनी घर बांधलं.

या सगळ्याची किंमत मनोरमेनंही दिली, हे आपण पटकन विसरतो. आई अमेरिकेत विधवांसाठी मदत गोळा करत फिरत होती तेव्हा ती लहानगी इंग्लंडात, वाँटेजच्या सिस्टरांकडे परत गेली होती. त्याग आईचा म्हणायचा की लेकीचा? मला तरी याचा हिशेब लावता येत नाही.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. ज्या बाईला अठरा हजार श्लोक पाठ होते, ती आता जड संस्कृत शब्द निवडून बाजूला काढत होती, कारण वाचणारी खेड्यातली बाई होती. तिला ते कानावर पडताच कळायला हवं होतं. आईच्या मांडीवर कानांनी शिकलेलीलाच हे सुचावं! छपाईही मुक्तीतच, तिथल्या बायकांच्या हातची.

(दृश्य: मंडळी उभी आहे. प्रभूची प्रार्थना ऐकू येते: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’)

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. आईच्या हयातीत. रमाबाई कामाला लागलेल्याच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या, केडगावातच. या वेळी खांदा द्यायला माणसं शोधावी लागली नाहीत.