घाट चढायला दोन इंजिनं

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘हौशी रेल्वे मंडळ : कौशल्यांची देवाणघेवाण’. म्हणजे आपण मॉडेल रेल्वेवाल्यांनी एकमेकांकडून काय शिकावं ते. त्यावर येणारच आहे. पण आधी गोवा-कर्नाटक सीमेवरचा रेल्वेचा ब्रागांझा घाट चढू द्या, त्याशिवाय माझा मुद्दा तुमच्या गळी उतरायचा नाही.

कुळे आणि दूधसागर इथं बसलेल्यांना सांगायला नको. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी ही वाट १८८८ साली सुरू झाली तेव्हा मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोकण रेल्वेवर सगळ्यात कडक चढ १५० ला १ आहे, त्यावरून अंदाज घ्या. कुळ्याहून वर निघालेल्या जड गाडीला मागून बँकर इंजिनांचा रेटा लागतो, तेव्हा कुठे ती कॅसलरॉक गाठते.

आता हाच घाट एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात करायचा. १२०० मिमी लांबीच्या एका फळीवर रूळ ३२ मिमी वर चढवायचा. कागदावर हे काहीच नाही. प्रत्यक्षात सपाटीवर बारा डबे सहज ओढणारं इंजिन इथं त्याच्या निम्म्या डब्यांनाच चाकं घसरवत जागच्या जागी गरगरायला लागतं. मग मॉडेललाही बँकर लागतो. तो बहुधा दुसऱ्या सभासदाचा असतो, वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या मोटरचा, वेगळ्या गिअरचा. माझं म्हणणं एवढंच आहे, की मंडळ म्हणजे हे दुसरं इंजिन. गाडी गोल गोल फिरवायला घरची माडी पुरते. घाट चढवायचा तर दोन मालकांना एका टेबलाशी बसावंच लागतं.

(दूधसागरचा धबधबाही प्रमाणात करू म्हणणारे उत्साही असतात. ३१० मीटरचा धबधबा एचओत साडेतीन मीटर उंच होतो. ज्याच्या हॉलचं छत त्याहून वर आहे त्यानं हात वर करावा. कोणी नाही? मग धबधबा आखूडच करू, आणि दूधसागर आपल्याला माफ करेल असं धरून चालू.)

पण बँकर लागण्याआधी गाडी एका फळीवरून दुसरीवर धड गेली पाहिजे. इथून माझं रडगाणं सुरू होतं, आणि ते जरा लांबेल.

हौशी मंडळांत इंजिनांचं कौतुक फार. काचेच्या कपाटात पाच-पाच इंजिनं, पॅन्टोग्राफची तार न् तार मोजून घेतलेली. पण जिथं माझी फळी संपते आणि तुमची सुरू होते, त्या तीन इंचांचा वाली कोणी नसतो. माझ्या बाजूने मी रूळ नीट घातला, तुमच्या बाजूने तुम्ही, आणि मधे अर्धा मिमी उंचीचा फरक. एचओच्या चाकाची कड मिलीमीटरच्या आसपास. तिला अर्ध्या मिमीची पायरी लागली की पहिला डबा उडतो, दुसरा त्यावर चढतो, आणि प्रदर्शनाला आलेली पोरं टाळ्या वाजवतात.

हा जोड कसा करावा ते सांगतो. फळीचा सांगाडा १२ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायचा, तोही बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, आय एस ७१०चा शिक्का पाहून घेतलेला. साधा कमर्शिअल प्लाय गोव्याच्या पावसात एका मोसमात फुगतो, मग तुमचं सगळं मोजमाप पाण्यात. कडेच्या पट्ट्या १०० मिमी उंच. दोन शेजारी फळ्यांच्या कडेच्या पट्ट्या एकमेकींना क्लॅम्प लावून एकदमच छिद्रं पाडायची. सुटी सुटी पाडलेली छिद्रं जुळत नाहीत, मेस्त (सुतार) कितीही मुरलेला असो. मग त्यात पितळी डॉवेल बसवायचे, एका बाजूला खुंटी आणि दुसऱ्या बाजूला खोबण. फळ्या जुळवण्याचं काम डॉवेलचं, धरून ठेवण्याचं काम बोल्टचं. बोल्ट ८ मिमीचा आणि त्याचं छिद्र १० मिमीचं, म्हणजे बोल्ट मधे लुडबुड करत नाही. नव्वद टक्के घोटाळे इथेच होतात. डॉवेलचे चार पैसे वाचवायचे म्हणून लोक बोल्टलाच जुळवायला लावतात, आणि मग विंगनट पिळत ‘आता बसलं, आता बसलं’ म्हणत राहतात.

रुळाच्या टोकाला शेवटचे दोन स्लीपर प्लास्टिकचे ठेवायचे नाहीत. तिथं तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, पट्ट्या चिकटवून रूळ त्यांना डाग द्यायचा, म्हणजे सोल्डर करायचा. पट्टीवरचं तांबं मधोमध करवतीने कापायला विसरू नका, नाहीतर दोन्ही रूळ तिथेच शॉर्ट होतात आणि दोष शोधायला संध्याकाळ जाते. डाग देताना रोझिन फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट वापरलीत तर पावसाळ्यात डागाभोवती हिरवा कळंक चढतो आणि वर्षभरात रूळ सुटतो. रूळ दोन्ही फळ्यांवरून सलग घालून, डाग देऊन, सगळ्यात शेवटी पातळ चकतीने जोडावर कापायचा. फट अर्धा ते पाऊण मिमी. ही फट हवीच. निकेल-सिल्व्हरचा १२०० मिमीचा रूळ १५ अंश तापला तर ०.३ मिमी वाढतो. सकाळी एसीत जुळवलेली वाट एसी बंद पडल्यावर दुपारी कमान टाकते ती यामुळेच.

आणि कृपा करून रूळ सॅन्डपेपरने घासू नका. बारीक म्हणवणारा कागदसुद्धा चरे पाडतो, चऱ्यांत काजळी बसते, मग आणखी घासणं, आणखी चरे. लिंट न सुटणाऱ्या फडक्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या, पुसा, विषय संपला. पुसताना एक बोट जोडावरून आडवं फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला लागते.

विजेचं तसंच. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर वीज सोडून बसू नका, आपल्या दमट हवेत ती दोन पावसाळ्यांत दगा देते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतःची तार, आणि फळीखालून मोठी मुख्य तार. मुख्य तार दीड चौरस मिमीची घेतली आणि बूस्टरपासून (रुळांना वीज पुरवणाऱ्या डब्यापासून) दहा मीटर लांब गेली, तर पाच अँपिअरला सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच गळतात. अडीच चौरसची घेतली तर पाऊण व्होल्ट. फरक वायरमनच्या बिलात दिसतो, घाटावर त्याहून जास्त दिसतो. तपासणी सोपी आहे. प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना रुळांवर पाच रुपयांचं नाणं आडवं ठेवा. बूस्टर ताबडतोब ट्रिप व्हायला हवा. झाला नाही तर तार बारीक आहे किंवा डाग कच्चा आहे, आणि खऱ्या शॉर्टमध्ये एखाद्या डब्याची बोगी, म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, वितळेल.

आता लक्षात घ्या, या तीन इंचांत सुतार आहे, डाग देणारा आहे, वायरमन आहे, रूळ घालणारा आहे. हे चारही एकाच माणसात असणं दुर्मीळ. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबची स्थापना १९१० सालची, अमेरिकेतली एनएमआरए, म्हणजे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, १९३५ची. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळावर चालेना, कपलिंग जुळेना, म्हणून एनएमआरए उभी राहिली. तेव्हाचं भांडणही जोडाचंच होतं. (आपल्याकडच्या एका भांडणात मात्र मी पडणार नाही. दोन रुळांतलं १६.५ मिमी अंतर १:८७ मध्ये युरोपचं १४३५ मिमी होतं, आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ ला १९.३ हवं, हे सगळ्यांना कळतं. चाकं, सांधे, गेज सगळं १६.५चं मिळतं, म्हणून १६.५. पुढे.)

गोव्याचं एक दुखणं वेगळं सांगायला हवं, कारण परदेशी पुस्तकं ते सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर फळ्या जमिनीवर ठेवू नका. आधी ओल लागते, मग वाळवी. डबे आणि इंजिनं स्टीलच्या कपाटात, सिलिका जेलच्या पिशव्यांसकट. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांची वाफ पॉलिस्टायरिनच्या डब्यांना लागते. दुसरं म्हणजे जांभा. घाटाचा लाल रंग आणायला जांभ्याची भुकटी फुकट आणि अस्सल, जुन्या नायलॉन मोज्यातून चाळली की झकास. पण आधी तीत लोहचुंबक फिरवा. जांभ्यात लोह असतं, चुंबकाला चिकटणारे कण बाजूला काढले नाहीत तर ते इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात.

आता बँकर. दोन इंजिनं एका गाडीत लावायची तर दोघांचा वेग जुळला पाहिजे. दोन्ही इंजिनं आधी पंधरा मिनिटं दोन्ही दिशांनी चालवून मोटर गरम करा. इंजिनातल्या डिकोडरच्या, म्हणजे हुकूम घेणाऱ्या चिपच्या, क्रमांक दिलेल्या सेटिंग म्हणजे सीव्ही. त्यातले प्रवेग आणि मंदीचे सीव्ही ३ आणि ४ शून्यावर. रुळावर दोन मीटरची खूण. ताशी ३० किमी म्हणजे एचओत सेकंदाला ९६ मिमी, तेव्हा दोन मीटरला २१ सेकंद लागायला हवेत. सुरुवातीचा वेग सीव्ही २ मध्ये, मधला ६ मध्ये, वरचा ५ मध्ये. नेहमी वेगवान इंजिनाला सावकाश करा, सावकाश असलेलं वेगवान होत नाही. मागचं इंजिन जास्त जोरात असलं तर वळणावर हलका डबा बाहेर फेकला जातो. पुढचं जास्त ओढत असलं तर तोच डबा आत कोसळतो. म्हणून डब्याचं वजन. एनएमआरएचं प्रमाण एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. आपला एलएचबी (नव्या बांधणीचा प्रवासी) डबा एचओत २७० मिमी, म्हणजे सुमारे १८० ग्रॅम. घरी छापलेल्या थ्रीडी डब्याचं वजन यापेक्षा बरंच कमी भरतं. त्यात शिशाचे तुकडे तळाशी, बोगीच्या वर ठेवा. छताला चिकटवलेत तर डबा झुलतो. वळणाची त्रिज्या निदान ७५० मिमी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत तो विषय आता पळत पळत.

पहिलं. मंडळात कुठलंही काम एकाच माणसाला येत असलं तर ते मंडळाला येत नाही असं समजा. डीसीसीचा, म्हणजे रुळांतून इंजिनांना डिजिटल हुकूम देण्याच्या पद्धतीचा, जाणकार बदली होऊन मडगावहून दिल्लीला गेला की लेआउट बंद. म्हणून प्रत्येक कामाला दोघं, डाग द्यायला, डिकोडर बसवायला, रूळ घालायला, सगळ्याला. दुसऱ्याने नुसतं पाहायचं नाही. डागाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) त्याच्या हातात, पहिल्याचे हात पाठीमागे.

दुसरं. नवं इंजिन खोक्यातून येतं ते ३ हा पत्ता, म्हणजे डीसीसीतला ओळखक्रमांक, घेऊन. चार सभासदांनी चार नवी इंजिनं आणली की एका बटणावर चारही धावतात. वही ठेवा. इंजिनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे हा पत्ता. आधीच घेतला असेल तर दुसरा घ्या, आणि वेगाचे सीव्ही त्याच पानावर.

तिसरं, हत्यारं मंडळाची. एनएमआरएचं गेज (रूळ-चाकांची अंतरं तपासायचं माप), पितळी डॉवेलचा साचा, तापमान ठरवता येणारी डागाची इस्त्री. ही तीन वर्गणीतून. बाकी ज्याचं त्याचं.

चौथं, माणसं बाहेरून आणा. दिवाळीला नरकासुराचे पुतळे उभारणाऱ्या पोरांना तार वाकवून सांगाडा करणं आणि कागद-लगदा चढवणं आपल्यापेक्षा चांगलं येतं, डोंगर तेच करतील. शिगम्याच्या चित्ररथांवर हलणाऱ्या बाहुल्यांमागे मोटर आणि पट्टा बसवणारे आहेत, त्यांच्याकडून गेट उघडणारी यंत्रणा शिका. त्यांना रेल्वेत गोडी नसली तरी चालेल.

पाचवं, रूळाची जमिनीपासूनची उंची. अमेरिकेतल्या फ्री-मो मॉड्युलवाल्यांची, म्हणजे आपल्यासारख्याच फळ्या जोडणाऱ्यांची, ५० इंच, म्हणजे १२७० मिमी. पोरांना दिसत नाही. आपण ११०० ठरवू, पायांना ८ मिमीचा फिरवायचा बोल्ट, वरखाली २५ मिमी. जुन्या हॉलांच्या फरशा एवढा उतार घेतात.

प्रश्न चहाच्या वेळी. मागच्या टेबलावर छिद्रांचा पत्र्याचा साचा ठेवलाय, ज्यांनी प्लायचे तुकडे आणलेत त्यांनी जाण्याआधी त्यावरून आखून घ्यावं. पेन्सिलीने नको, टोच्याने. पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाड असते.