कुणाच्या पैशानं पार

श्रोतेहो, नमस्कार.

मी दिवाडीची. मांडवीतल्या या बेटाला अजून पूल नाही. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की समोर फेरीचा धक्का. दुसरी बोट रायबंदरहून येते, तिसरी पलीकडे नार्व्याला जाते. दूध, गॅसचे सिलिंडर, शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, सगळं या तीन वाटांनी. आमच्या सप्तकोटेश्वरालाही हीच वाट धरावी लागली होती. पोर्तुगिजांनी दिवाडीवरचं देऊळ मोडलं, लिंग नदीपार नार्व्याला गेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्यानं बांधायला लावलं. तेव्हा पार जाणं म्हणजे काय, ते आम्हाला कुणी शिकवायला नको.

माझी नोकरी मात्र आकाशातली. पणजीत एका छोट्या एजन्सीत मी वीस वर्षं विमानाची तिकिटं काढून देतेय. आमच्या बोटीत पायी माणसाला तिकीट नाही. दुचाकीला नाही. चारचाकीवाला तेवढे थोडे पैसे देतो. सकाळी अशा फुकटच्या बोटीनं यायचं आणि दिवसभर लोकांना पाच-सात हजारांची तिकिटं विकायची, हा माझा दिवस. दोन्हींचा हिशेब एकमेकांशी लावून बघावा असं मला कधी सुचलं नव्हतं. ते सुचलं २०२० मध्ये, दोन्ही एकदम अडल्यावर.

२२ मार्चचा जनता कर्फ्यू तुम्हाला आठवत असेल. तो रविवार होता. गोव्यात तो पुढेही वाढला आणि तो संपायच्या आत देशभरची टाळेबंदी आली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशातली प्रवासी विमानं जमिनीवर. दुकान बंद, पण गिऱ्हाइकांकडे माझा मोबाईल नंबर होता. पहिल्या दोन दिवसांत इतके फोन आले की शेवटी मुलाची एक जुनी वही काढली आणि नावं लिहीत गेले. नाव, कुठून कुठे, तारीख, रक्कम. चव्वेचाळीस नावं झाली. त्यातलं एक नाव आमच्याच गावच्या मास्तरांचं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मुलगी डोंबिवलीला, तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून नवराबायकोची १२ एप्रिलची, गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून मुंबईची, दोन तिकिटं फेब्रुवारीतच काढलेली. मिळून ६,४०० रुपये.

विमान रद्द झालं म्हणजे पैसे परत मिळणार, असं मास्तर धरून चालले होते. मीही. कंपनीकडून उत्तर आलं की पैसे 'क्रेडिट शेल'मध्ये ठेवले आहेत. पुढे कधी प्रवास कराल तेव्हा वापरा. मास्तरांना मी हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "शेल म्हणजे शिंपलाच ना गो बाय? मग उघडतो कधी?"

आता अशा अडलेल्या विमान कंपन्यांसाठी जगात काय चाललं होतं ते जरा बघू. अमेरिकेनं मार्च २०२० च्या कायद्यात प्रवासी विमान कंपन्यांना नुसत्या पगारांसाठी २,५०० कोटी डॉलर दिले. अट अशी की ३० सप्टेंबरपर्यंत कुणाला कामावरून काढायचं नाही. जर्मनीनं लुफ्तान्साला ९०० कोटी युरोंचा टेकू दिला आणि बदल्यात वीस टक्के हिस्सा घेतला. कॅनडानं उशीर केला, पण २०२१ च्या एप्रिलमध्ये एअर कॅनडाशी करार करताना दोन गोष्टी लिहून घेतल्या: अडकलेल्या प्रवाशांचे पैसे परत करायचे आणि बंद केलेले लहान गावांचे मार्ग पुन्हा सुरू करायचे. तिकिटं काढून देणारी बाई म्हणून मला यातली दुसरी अट फार आवडली. कंपनी वाचली आणि मार्ग मेला, तर त्या गावाला कंपनी वाचल्याचं काय कौतुक?

आपल्याकडे सरकारनं विमान कंपन्यांना अशी थेट रोकड दिली नाही. मे २०२० मध्ये जे जाहीर झालं ते हवाई हद्दीतले निर्बंध सैल करून इंधन वाचवण्याबद्दल आणि आणखी काही विमानतळ खासगी हाती देण्याबद्दल. सरकारी हमीच्या कर्जाची योजना विमान कंपन्यांना लागू झाली तीच मुळी २०२१ च्या मे अखेरीस. म्हणजे तिजोरीतून फारसं काही गेलं नाही. मग कंपन्या तगल्या कशावर, असा प्रश्न मला पडला, आणि उत्तर माझ्या हातातल्या वहीतच होतं. चव्वेचाळीस माणसांचे पैसे कंपन्यांकडे बिनव्याजी पडून होते. एका छोट्या दुकानातली ही चव्वेचाळीस. देशभरची मोजा. याला कुणी मदत म्हटलं नाही, पण मदत ती हीच. फक्त देणाऱ्याला विचारलेलं नव्हतं.

२५ मे २०२० ला देशातली विमानं पुन्हा उडू लागली, सुरुवातीला ठरलेल्या उड्डाणांच्या एक तृतीयांश. त्यासोबत भाड्याला पट्टे लावले, प्रवासाच्या वेळेप्रमाणे सात. तास ते दीड तासाच्या प्रवासाला कमीत कमी तीन हजार, जास्तीत जास्त नऊ हजार. चाळीस टक्के जागा या दोहोंच्या मध्यापेक्षा कमी भावात विकायच्या. वरची मर्यादा सगळ्यांच्या लक्षात राहिली, ती प्रवाशासाठी होती. खालची मर्यादा कुणासाठी होती? ती कंपन्यांसाठी, एकमेकींचे भाव पाडून मरू नयेत म्हणून. मला ते तेव्हाही चूक वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. एकदा कंपन्या बुडाल्या की मग एकीचंच राज्य, आणि एकीच्या राज्यात भाडं किती असतं ते आम्ही एजंट लोक चांगलं जाणतो. पण ही मदतसुद्धा तिकीट घेणाऱ्याच्याच खिशातून गेली, एवढं तरी म्हणायला हवं. हे पट्टे उठले ३१ ऑगस्ट २०२२ ला.

मधल्या आसनावर बसणाऱ्याला अंगभर गाऊन द्यायचा, असाही एक नियम त्या जूनमध्ये आला होता. माझं एक गिऱ्हाईक तो गाऊन घालून दाबोळीला उतरलं आणि तसंच टॅक्सीत बसलं. टॅक्सीवाला त्याला डॉक्टर समजून आपलं गुडघेदुखीचं गाऱ्हाणं सांगू लागला.

गोव्यात येणाऱ्याला तेव्हा कोरोना नसल्याचा दाखला आणावा लागे, नाहीतर दोन हजार रुपये भरून इथं तपासणी, नाहीतर चौदा दिवस घरात. म्हणजे तिकीट स्वस्त असलं तरी येणं स्वस्त नव्हतं.

आणि आमच्याकडे 'बोटीवर आहे' म्हटलं की त्याचा अर्थ फेरीबोट नव्हे, हे बाहेरच्या श्रोत्यांना सांगायला हवं. बोटीवर म्हणजे परदेशी जहाजावर, क्रूझवर. गोव्यात असा वाडा शोधून सापडणार नाही जिथलं कुणी बोटीवर नाही. ती माणसं महिनोन् महिने समुद्रात अडकली. मुंबई बंदरात पहिल्या जहाजावरचे भारतीय खलाशी उतरले ते एप्रिलच्या अखेरीस. पुढे जहाज कंपन्यांनी स्वतःच्या खर्चानं विमानं करून गोंयकारांना दाबोळीला आणलं. ७ मेपासून 'वंदे भारत'ची उड्डाणं सुरू झाली. ती सरकारनं आखली, पण तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. नोकरी गेलेला, तीन महिने पगार नाही, आणि घरी यायला तिकीट स्वतःचं. अशा एका घरचं तिकीट मी काढून दिलं. त्या माउलीनं पैसे आणले ते गुलाबी कागदात, सोनाराकडची चिठ्ठी अजून आतच होती. मी ती चिठ्ठी बाजूला काढून परत दिली. दोघींनीही त्यावर काही बोलायचं टाळलं.

आता फेरीबोट. त्या दिवसांत धक्क्यावर पोलीस उभे असायचे, कुठे आणि का ते विचारायचे. बोटीत माणसं किती? नर्स, पोदेर म्हणजे पाववाला, दुधवाला, एखादा कामावर निघालेला. इंजिनाला मात्र चारजण काय आणि शंभर काय, डिझेल तेवढंच लागतं. खलाशी तेवढेच लागतात. नदी परिवहन खात्याचं फेरीतलं उत्पन्न चांगल्या दिवसांतही खर्चाच्या पासंगाला पुरत नाही. त्या महिन्यांत तर विचारूच नका. पण तोटा झाला म्हणून बोट बंद करा, असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पॅकेज जाहीर झालं नाही, कारण गरजच नव्हती. ते पॅकेज आम्ही वर्षानुवर्षं रोज सकाळी वापरतोय. एखादी गोष्ट इतकी रोजची होते की तिला मदत म्हणायचं सुचतच नाही.

तेरेखोलचं बघा. गाव गोव्याचं, पण तेरेखोल नदीच्या उत्तरेला, आणि जमिनीनं जोडलेलं महाराष्ट्राला. केरीहून बोटीनं गेलात तर गोव्यातून गोव्यात. जमिनीनं गेलात तर रेडीकडून, राज्याची हद्द दोनदा ओलांडून. एरवी ही भूगोलातली गंमत. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पात्रादेवी नाक्यावर गाड्या अडवल्या जात होत्या त्या दिवसांत तेरेखोलकरांना आपल्याच तालुक्याला यायला ती एक बोट उरली होती. तिथं नफातोट्याची वही उघडून बसणार कोण?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पुष्कळ बेटं आहेत आणि तिथली बोट सेवा चालवणारी कंपनी प्रवासी भाड्यावर मोठी मदार ठेवून चालते. महामारीत प्रवासी आटले आणि ती अडचणीत आली. तिला सरकारी मदत मिळाली ३० कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलरची, आणि सोबत भाडेवाढ वर्षाला सरासरी २.३ टक्क्यांच्या आत ठेवायची अट. आपल्या बोटीला असला वाटाघाटींचा खेळ करावा लागला नाही. उलट ऑस्ट्रेलियानं २०२१ मध्ये थेट प्रवाशाच्या हातात सवलत दिली. पर्यटनावर जगणाऱ्या ठरावीक ठिकाणांची आठ लाख विमान तिकिटं निम्म्या भावात. आणि टास्मानिया बेटाला मेलबर्नहून बोटीनं जाणाऱ्याची मोटार काही महिने फुकट. लोक आपल्या गाड्या घेऊन गेले, तिथं राहिले, जेवले, पैसे टाकून आले. विमान, बोट आणि किनाऱ्यावरचं हॉटेल, तिघांचं एकाच पैशात भागलं. गोव्यासारख्या ठिकाणी बसून हे वाचताना मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे २०२३ च्या अखेरीला फेरीत दुचाकीला भाडं लावायचं ठरलं होतं. बेटांवरून आणि धक्क्यांवरून ओरड झाली आणि ते थांबलं. त्या आठवड्यात बोटीत जेवढी चर्चा मी ऐकली तेवढी अख्ख्या महामारीत ऐकली नव्हती. एक पोरगा तावातावानं म्हणत होता, सरकार आम्हाला काय देतं? बोट तेव्हा मधल्या पाण्यात होती.

तर मास्तर. जूनपासून बोटीत माणसं वाढली तसे ते दर सोमवारी पणजीला येऊ लागले. दुकानात बाहेरच उभे राहायचे, मास्क नाकावर नीट, आणि विचारायचे, "शिंपला उघडला?" मी नाही म्हणायचे. ते बरं म्हणून परत जायचे. नातू टाळेबंदीतच झाला, त्यांनी त्याला फोनवर पाहिला.

मग १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. योगायोग असा की अमेरिकेत पगारांच्या मदतीची मुदत आदल्याच दिवशी संपली होती आणि नेमक्या त्या १ तारखेला दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून बत्तीसएक हजार माणसांना घरी बसवायला सुरुवात केली. इथं न्यायालयानं सांगितलं की टाळेबंदीत काढलेल्या आणि टाळेबंदीतल्याच प्रवासाच्या तिकिटांचे पैसे लगेच परत द्या. आधी काढलेल्यांचे पंधरा दिवसांत द्या, आणि कंपनीची परिस्थितीच नसेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल ठेवा. पण तो वाढता हवा, ३० जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का, पुढे पाऊण टक्का. तो दुसऱ्याच्या नावावर करता यावा. आणि मार्चअखेर वापरला नाही तर रोख परत.

हे मी मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि बिलबुकाच्या पाठीमागे गणित मांडलं. एप्रिल, मे, जून, तीन अर्धे म्हणजे दीड. पुढे नऊ महिने पाऊण पाऊण, पावणेसात. एकूण सव्वाआठ टक्के. ६,४०० वर ५२८. "बँकेपेक्षा बरं," म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, कुणाच्या नावावर करून टाकू का, जाणारं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, पैसे आजच हातात मिळतील. ते नको म्हणाले. त्यांना मुंबईला जायचंच होतं, विमानानंच जायचं होतं, बायकोला खिडकीकडची जागा कबूल केली होती.

ते काही झालं नाही. मार्चमध्ये आकडे पुन्हा चढू लागले आणि मुलीनंच येऊ नका म्हणून सांगितलं. ३१ मार्च गेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आले, पूर्ण ६,९२८. मी पाकिटात घालून ठेवले. सोमवारी मास्तर आले, या वेळी आत येऊन बसले. वहीतल्या त्यांच्या नावावर मी त्यांच्यासमोरच रेघ मारली. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, वरचे आठ रुपये वेगळे काढून वरच्या खिशात टाकले, आणि घड्याळाकडे बघून विचारलं, "साडेअकराची बोट मिळेल ना गो?"