आंजर्ल्याची पुळण आणि बेहड्याची ढोली

कोकणात दापोलीजवळच्या आंजर्ल्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसहा. ओहोटी आत्ताच लागलीय. ओल्या वाळूवर ते बघा, चार पावलं धावायचं, थबकायचं, टोच मारायची की परत धावायचं, हे चिखले. पक्षीवाले त्यांना लेसर सँड प्लोव्हर म्हणतात. गणपतीच्या सुमारास आले तेव्हा नुसते मातकट होते, वाळूत दिसायचेसुद्धा नाहीत, आणि आता छाती बघा कशी विटकरी झालीय! हा रंग चढला की समजायचं निघायची वेळ झाली. घरटी करायला जायचं लडाख-तिबेटच्या पठारावर, ४,००० मीटरच्याही वर, म्हणून आत्ता दिवसभर खा खा चाललीय, किडे, बारके खेकडे, सगळं अंगात चरबी म्हणून साठवायचं.

आणि अशा वेळी कोणीतरी गाडी घेऊन थेट पुळणीवर येतं. परवा माझ्यासमोर एका जीपने हाच थवा तीनदा उठवला. प्रत्येक वेळी उडायला साठवलेली चरबीच जाते हो, फार जीव तुटतो बघताना. कासवांची पिल्लं बघायला येताय ना, जरूर या, फक्त गाडी सुरूच्या बनाअलीकडेच ठेवा.

आता वर देवराईत. तो बेहडा, त्याच्या खोडावर ढोली, तिथे ककणेराची, म्हणजे धनेशाची (हॉर्नबिल), मादी मार्चपासून आत आहे. ढोलीचं तोंड तिनेच आतून लिंपून घेतलंय, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवलीय, उडायची पिसंसुद्धा आतच गळतात त्यामुळे सगळी भिस्त नरावर. हा आला बघा. मान झटकली की गळ्यातून एक पिकलं उंबर चोचीच्या टोकावर येतं, फटीतून दुसरी चोच अलगद पुढे होते, उंबर आत. परत मान झटकली, परत एक. मी मोजली, एका खेपेला २३! उंबर नि वड पिकलेत तोवर हे चालणार, पिल्लं पावसाच्या तोंडाला बाहेर येतील. असा जुना बेहडा तोडला तर ढोली कुठून आणायची सांगा.

संध्याकाळी परत पुळणीवर आलो तर थवा निम्मा झालेला. विटकरी छातीचे बरेचसे गेले. जी मातकट दिसतायत ती बहुतेक गेल्या वर्षी जन्मलेली पोरं, त्यातली काही यंदा जाणारच नाहीत, पावसाळाभर इथेच राहतील.