रन: इंग्रजी पळते तिथे मराठी चालते

नमस्कार मंडळी. विषय मोठा दिलाय, इंग्रजी शब्दांचे नाना अर्थ वगैरे, पण मी म्हटलं एवढा पसारा कोण आवरणार, एकच शब्द घेतो आणि तोही पहिलीतल्या पोराला येणारा. रन.

ऑक्सफर्डची जी मोठी डिक्शनरी आहे ना, तिच्यात रन या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. आधी हा मान सेट या शब्दाकडे होता, १९८९ ची वीस खंडांची आवृत्ती काढून बघा, त्यात सेटची नोंद सगळ्यात लांब आहे. मग पुढच्या आवृत्तीचं काम करताना पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाने रन हातात घेतला आणि त्या एका क्रियापदात नऊ महिने गेले, बाळंतपणालाही तेवढेच लागतात. पण ६४५ ऐकून दचकू नका, डिक्शनरीवाले फार बारीक किसतात, घोडा पळाला वेगळा, घोडा पळवला वेगळा, जुन्या कुठल्यातरी धंद्यातला वापर आणखी वेगळा. आपला रोजचा व्यवहार त्यातल्या मूठभर अर्थांत भागतो.

आता पहिली गंमत. आपल्याला शाळेत शिकवलं रन म्हणजे पळणे, पण मुळात हा शब्द फक्त पायांचा नव्हताच, पाण्याचाही होता. जर्मनमध्ये याच घराण्यातली दोन क्रियापदं आजही वेगवेगळी नांदतायत, रेनेन म्हणजे पळणे आणि रिनेन म्हणजे वाहणे, इंग्रजीत मात्र दोन्ही कामं एकट्या रनच्या गळ्यात पडली. म्हणून सर्दी झाली की इंग्रजाचं नाक 'पळतं', नळ पळतो, धुताना नव्या कपड्याचा रंग पळतो. आपण म्हणतो नाक वाहतं, रंग जातो. अमेरिकेत तर काही भागांत ओढ्यालाच रन म्हणतात, तिकडच्या यादवी युद्धातली १८६१ ची ती बुल रनची लढाई ऐकली असेल, तिथे बैलबिल कोणी पळत नव्हता, बुल रन हे ओढ्याचं नाव.

दुसरी गोष्ट झाली ती यंत्रांमुळे, आणि माझ्या मते शब्द खरा फुगला तो इथे. गिरण्या आल्या, वाफेची इंजिनं आली, १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, आणि न थकता आपोआप चालू राहणाऱ्या या सगळ्या गोष्टींना इंग्रजीने रन लावून टाकला. मशीन रन होतं, मग कारखाना रन करायचा, मग दुकान, मग संस्था, मग घर, आणि शेवटी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. त्यात पळण्याचं काही उरलेलं नाही, एखादी गोष्ट सुरू आहे आणि सुरू राहतेय एवढंच.

आणि हेच काम मराठीत कोण करतं? पळणे नाही, धावणे नाही, चालणे. दुकान चालतं, घड्याळ चालतं, कोर्टात केस चालते, घर चालवायचं असतं, नाटक चाललं किंवा पडलं, मिक्सर चालत नाही, फाटकी नोट चालत नाही. आणि सगळ्यांच्या वर तो आपला 'चालेल', ज्यावर अर्धा महाराष्ट्र चालतो. इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी आरामात चालते आणि काम तेवढंच होतं. (हशा) रेल्वेचंच बघा, पेपरात गाडी 'धावते', नवीन गाडी 'धावणार' अशी हेडलाईन असते, पण जुलैत धो धो पाऊस लागला की आपण ऑफिसातून घरी फोन करून काय विचारतो? हार्बर चालू आहे का? हार्बर धावतेय का असं विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

म्हणून कोणी रनचं भाषांतर करायला बसलं की मी सांगतो, आधी चालणे लावून बघा, जमत नसेल तरच पळा. अर्थात रनच्या शेपटीला दुसरा पिटुकला शब्द चिकटला की हा नियम गेला. रन आउट ऑफ मिल्क म्हणजे दूध संपलं, रन इंटू म्हणजे अचानक कोणी भेटलं, रन ओव्हर म्हणजे माणूस गाडीखाली आला. ते पाठच करावं लागतं.

क्रिकेटमध्ये मात्र आपण सरळ धाव घेतली. धाव, धावा, धावसंख्या. रेडिओवर बाळ ज. पंडितांसारख्यांचं मराठी समालोचन ऐकत जी पिढी वाढली तिच्या तोंडात हे शब्द पक्के बसलेत, आणि त्या समालोचनाचंही नाव काय तर धावतं समालोचन, म्हणजे रनिंग कॉमेंट्री, पळणारा खेळाडू आणि बोलणारा तर खुर्चीत बसलेला. मला सगळ्यात आवडतो तो धावचीत. रन आउटला मराठी करताना आउटच्या जागी थेट कुस्तीच्या आखाड्यातला चीत आणून बसवलाय, ज्याने कोणी केलं त्याला सलाम. आणि खरं सांगायचं तर चौकार गेला की चार धावा मिळतात आणि त्यातली एकही पळावी लागत नाही, तरी नाव धावच.

बाकी इंग्रजी रन जसाच्या तसा आपल्या बोलण्यात किती ठिकाणी घुसलाय ते आपल्या लक्षातही येत नाही. सुताराला किचनची ट्रॉली करायला बोलवा, तो टेप लावतो आणि रेट सांगतो रनिंग फुटावर, आणि त्याला विचारलं रनिंग म्हणजे काय तर तो आपल्याकडे बघत राहतो, रनिंग म्हणजे रनिंग. जुनी स्कूटर विकायची तर जाहिरातीत 'रनिंग कंडिशन' पाहिजेच, मग ती पहिल्या किकला चालू होवो न होवो. लोकल रनिंगमध्ये पकडायची (पकडू नका), सोसायटीच्या कॉन्ट्रॅक्टरचं रनिंग बिल, २०२१ च्या जानेवारीत लस यायच्या आधी झालेला तो ड्राय रन, आणि पेपरातलं हिट अँड रन, ज्याच्या नव्या कायद्यावरून २०२४ च्या सुरुवातीला ट्रकवाल्यांनी संप केला आणि पेट्रोल पंपावर रांगा लागल्या. इथे मात्र रन म्हणजे खरोखर पळून जाणं, एवढ्या सगळ्यात हा एक अर्थ शाळेतला.

शेवटचं एक सांगतो. अमेरिकेत माणूस निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडात तोच माणूस पार्लमेंटसाठी 'स्टँड' करतो, भाषा एकच. आपण इंग्लंडच्या बाजूचे, आपला उमेदवार उभा राहतो. मग विरोधकांनी समजूत घातली की त्याला बसवतात, नाहीतर तो पडतो, नाहीतर निवडून येतो. उभा राहणे, बसवणे, पडणे, सगळं जागच्या जागी, पळायचा कुठे संबंधच नाही. पळवापळवी आपल्याकडे निकाल लागल्यावर सुरू होते, आणि ती आमदारांची. (हशा) चला, प्रश्न असतील तर घेऊया.